मारियाचं तळं

शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले तरी शेजारच्या काकांचा फराळाचा डबा आमच्याच ओट्यावर होता. आज सकाळी देऊन आलो. दहा मिनिटांत परत येणार होतो, घरी आलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती.

काका ७६ वर्षांचे. जन्म आणि बालपण फिलाडेल्फियाचं, आता बरीच वर्षं नदीच्या या बाजूला, न्यू जर्सीत. मी त्यांना काकाच म्हणतो आणि तेही ओ देतात. हॅलोविन सहा दिवसांवर आलंय, म्हणून पोटमाळ्यावरची खोकी खाली काढून बसले होते. एका खोक्यात जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला फ्रँकेनस्टाईनचा राक्षस होता. ऑरोरा कंपनीचा, प्लॅस्टिकचे भाग चिकटवून आणि रंगवून उभा करायचा तो संच. १९६१ साली आला, किंमत ९८ सेंट. काका तेव्हा बारा वर्षांचे. वीतभर उंचीचा तो पुतळा थडग्यावरून पाऊल टाकत पुढे येतोय, हात समोर पसरलेले. चेहऱ्याचा हिरवा रंग एका गालावर ओघळून तसाच वाळलाय. उजवा हात खांद्यातून निखळून बनियनच्या घडीत पडला होता. तो सापडेपर्यंत काकांच्या जिवात जीव नव्हता.

मग ते बोलत राहिले आणि मी ऐकत राहिलो.

१९५७ च्या शरद ऋतूत युनिव्हर्सलच्या जुन्या भयपटांसह ५२ चित्रपटांचा एक संच ‘शॉक’ या नावाने टीव्ही स्टेशनांना मिळाला. ड्रॅक्युला, फ्रँकेनस्टाईन, ममी, अदृश्य माणूस, सगळे आले. आईवडिलांनी तरुणपणी थिएटरात पाहिलेली ही मंडळी एकदम मुलांच्या दिवाणखान्यात येऊन बसली. फिलाडेल्फियात दहा नंबरच्या चॅनेलवर रोलंड नावाचा लांब काळ्या कोटातला माणूस तळघरातून हे चित्रपट दाखवायचा. त्याची बायको शवपेटीत, आणि तिच्याशी त्याच्या लाडाच्या गप्पा. जॉन झॅकर्ली त्या नटाचं नाव. आठ वर्षांचे काका पांघरूण डोक्यावर घेऊन जिन्यातून हे बघायचे, कारण एवढ्या रात्री जागायची परवानगी नव्हती. पुढच्याच वर्षी फॉरेस्ट ॲकरमन यांनी फक्त राक्षसांना वाहिलेलं मासिक काढलं. त्याचे अंक काकांनी गादीखाली ठेवले होते. १९६२ च्या ऑक्टोबरात तर राक्षसांच्या नाचाचं गाणं देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. आख्खी पिढी या लाटेत न्हाऊन निघाली.

पण काका थांबले ते ‘फ्रँकेनस्टाईन’मधल्या एकाच प्रसंगापाशी. तळ्याकाठी लहानगी मारिया एकटी खेळत असते. राक्षसाला पाहून ती घाबरत नाही, हात धरून शेजारी बसवते, आपल्यातली फुलं देते. दोघं एकेक फूल पाण्यात सोडतात, फुलं तरंगतात. राक्षसाच्या चेहऱ्यावर हसू येतं. आख्ख्या चित्रपटात तो असा हसलेला मला दुसरीकडे आठवत नाही. फुलं संपतात. तो आपल्या रिकाम्या हातांकडे बघतो आणि ते हात मारियाकडे नेतो.

काकांनी लहानपणी पाहिलेल्या प्रतीत चित्र इथेच तुटायचं. पुढे बाप मुलीचं कलेवर हातांवर घेऊन गावातून चालतोय, बस्स. मूळ चित्रपट १९३१ चा. त्याच दशकात पुढे तो पुन्हा प्रदर्शित करताना या प्रसंगाला कात्री लावली गेली आणि टीव्हीवर आली ती हीच कापलेली प्रत. मधे काय घडलं ते प्रेक्षकाने आपल्या मनाने भरायचं, आणि मन नको ते भरतं. तो तुकडा जागेवर आला १९८० च्या दशकात. काका तेव्हा पस्तिशी ओलांडलेले, घरात लहान मुलगी. त्यांनी पहिल्यांदा पूर्ण प्रसंग पाहिला. राक्षस मारियाला पाण्यात टाकतो, कारण तीही फुलासारखी तरंगेल असं त्याला वाटतं. ती बुडते. तो भांबावतो, पाण्यात हात घालून तिला शोधायचा प्रयत्न करतो, मग झाडीतून धडपडत पळतो. “इतकी वर्षं मी त्याच्याबद्दल वाईट समजत होतो,” काका म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे. मी पाणी आणायला उठलो.

मग मी त्यांना हा राक्षस साकारणाऱ्या नटाची, बोरिस कार्लोफची गोष्ट सांगितली. मेकअपला रोज चार चार तास, गाल खोल दिसावा म्हणून बाजूच्या दातांची कवळी काढून ठेवायची, पापण्यांवर मेण. चित्रपटाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसासमोर नटाचं नाव नाही, फक्त प्रश्नचिन्ह. हे सगळं काकांना माझ्याहून पाठ. पण कार्लोफची मावशीआजी, म्हणजे त्याच्या आईच्या आईची सख्खी बहीण ॲना लिओनोवेन्स, जी पुढे सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाच्या मुलांची शिक्षिका झाली, ती जन्मली अहमदनगरला, १८३१ साली, हे त्यांनी ऐकलं नव्हतं. ॲनाने आपला जन्म वेल्सचा असल्याचं जगाला सांगितलं आणि नगर आयुष्यभर झाकून ठेवलं. हिंदुस्थानी रक्ताचा अंश बाहेर आला असता तर त्या काळी सगळी दारं बंद झाली असती. कार्लोफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, आणि त्याचा सावळा रंग हिंदुस्थानी पूर्वजांचा.

मी नगरचा. भिंगारच्या कॅम्पातल्या रस्त्यांवर आम्ही पोरं सायकली हाणायचो. पिंपळावरच्या मुंजाला भिऊन मोठा झालेला मी, आणि हा परदेशी राक्षस मला पहिल्यांदा पाहिला तेव्हापासून घरचा का वाटला, ते माझं मलाच कळत नव्हतं. नातं समजलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आज नगरचं नाव अहिल्यानगर झालंय, पण काकांना मी जुनंच नाव शिकवलं, कारण ॲनाने लपवलं ते तेच. त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं. ‘ह’ जमला, ‘द’ नाही.

शेवटी हात चिकटवायला घेतला. काकांची बोटं थरथरतात, म्हणून डिंक त्यांनी लावला आणि हात मी धरला. दहा मिनिटं अजिबात हलवायचं नाही, अशी सक्त ताकीद. मी श्वाससुद्धा बेतानेच घेत होतो. तेवढ्यात त्यांनी चकलीचा डबा उघडला. आईने नगरहून पाठवलेल्या भाजणीच्या चकल्या, पाडल्या मात्र मी. माझे हात अडकलेले म्हणून एक चकली मोडून त्यांनी मला भरवली.

खांद्यावरून रबरबँड लावून ठेवलाय. उद्या सकाळी मी गेल्यावर काढायचा, तोवर हात लावायचा नाही असं ठरलंय.