इक्विपॉइजची एक ओळ

औषधचाचण्यांची संमतीपत्रं मराठीत करणं हे माझं काम. मी मराठी करते, मूळ मजकूर न पाहिलेली दुसरी व्यक्ती त्याचं परत इंग्रजी करते, आणि ते इंग्रजी मुळाशी ताडून शेरे मारणारी तिसरीच कुणीतरी असते. ही तिसरी व्यक्ती बहुधा मराठी वाचत नाही. तरी शेवटचा शब्द तिचाच.

दोन औषधांची तुलना करणारी चाचणी होती. एका परिच्छेदात लिहिलं होतं की तज्ज्ञ सध्या ‘इक्विपॉइज’च्या स्थितीत आहेत. रुग्णाने सही करायच्या कागदावर हा शब्द घालताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणता रुग्ण होता, देव जाणे. शब्दकोश ‘समतोल’ सांगून मोकळा होतो. ‘तज्ज्ञ समतोल स्थितीत आहेत’ असं छापलं असतं तर वाचणाऱ्याला वाटलं असतं, सगळे एका पायावर उभे आहेत!

शब्द सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे. लॅटिन ‘एक्वस’ म्हणजे समान. ‘पॉइज’ फ्रेंचमार्गे आलेलं वजन, ज्याचं मूळ टांगणे, तोलणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात. लंबकाला पेंड्युलम म्हणतात तेही त्याच घरातलं. ‘बॅलन्स’मध्ये दोन पारडी आहेत, ‘इक्विलिब्रियम’मध्ये तराजू आहे, इथे मात्र सगळा भर वजनावर. आणि खरी गोची तिथेच आहे. वजन कशाचं?

मी लिहिलं होतं, ‘या दोन औषधांपैकी जास्त चांगलं कोणतं, हे अजून कळलेलं नाही, ते शोधण्यासाठीच ही चाचणी आहे.’ शेरा आला: नकारात्मक वाटतं, रुग्ण बिचकतील. सोबत सुचवणी, ‘दोन्ही औषधे सारखीच परिणामकारक आहेत.’

हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. पारड्यांत औषधं नसतात हो, आजवरचे पुरावे असतात! काटा मध्यावर आहे तो आपल्या माहितीचा. उद्या एक औषध दुसऱ्याहून वाईट, अगदी घातकही निघू शकतं. उत्तरात मी ‘कास्ट’ चाचणीचा दाखला दिला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोक्यांची अनियमितता दाबणारी औषधं जीव वाचवतात, असं डॉक्टर मानत होते, सर्रास देतही होते. १९८९ मध्ये एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांचे दोन गट थांबवावे लागले, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू प्लासिबोवाल्यांपेक्षा, म्हणजे औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा, जास्त होते. ‘सारखीच परिणामकारक’ असं आधीच लिहून द्यायचं, तर मग चाचणी कशासाठी करताय? सुचवणी मागे घेतली गेली. कुरकुरत.

मग चाचणीच्या मुख्य डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, “मॅडम, ‘कळलेलं नाही’ म्हणताय, पण खरं सांगू का? मला स्वतःला दुसरं औषध सरस वाटतं.”

चांगला माणूस, म्हणून बोलला. हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक चार्ल्स फ्राइड यांनी १९७४ मध्ये इक्विपॉइजची ही कल्पना मांडली, तेव्हा डॉक्टरचं स्वतःचं मन दोहोंमध्ये सारखं असावं, अशी अपेक्षा होती. त्या कसोटीवर कोणताही अनुभवी डॉक्टर टिकायचा नाही. इतकी वर्षं रुग्ण पाहून कल होणारच. वैद्यकीय नीतिशास्त्राचे अभ्यासक बेंजामिन फ्रीडमन यांनी १९८७ मध्ये ही अडचण सोडवली. एकट्या डॉक्टरचा कल कुठेही असो, जाणकारांच्या वर्तुळात प्रामाणिक मतभेद असला की पुरे. म्हणून मी ओळ बदलली: ‘जास्त चांगलं कोणतं, यावर तज्ज्ञांमध्ये एकमत नाही.’ या वेळी तिघांनाही पसंत पडली.

शेवटची पायरी म्हणजे मजकूर सामान्य वाचकाला वाचायला देऊन, काय समजलं ते त्याच्याच शब्दांत ऐकणं. अनेक ठिकाणी ती उरकून टाकतात. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत उपयोगाची हीच एक पायरी. समोर एक वयस्कर काका होते. त्या ओळीवर बोट ठेवून थांबले. “म्हणजे मोठ्या डॉक्टरांचं आपसांत जमत नाही. बरं. पण माझ्यावर उपचार करणार त्या डॉक्टरसाहेबांना काय वाटतं?”

संमतीपत्रात याचं उत्तर कुठेच नव्हतं. फ्रीडमन यांच्या हिशेबात डॉक्टरांचा कल गौण, काकांच्या हिशेबात तोच मुख्य. काकांचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

मी प्रश्न जसाच्या तसा शेऱ्यांच्या रकान्यात उतरवला आणि एक वाक्य सुचवलं: ‘तुमच्या डॉक्टरांचं स्वतःचं मत तुम्ही त्यांना विचारू शकता.’ उत्तर आलं, अनुवादकाने मूळ मजकुरात भर घालू नये. नियम बरोबर आहे, नव्या लोकांना मीच तो शिकवते. पण ते वाक्य इंग्रजी मसुद्यातच असायला हवं होतं.