मग रस्ता कोण बांधणार? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, मुंजीत, परवा तर तेराव्याच्या पंगतीतसुद्धा. "काय रे, तुला टॅक्स नको, सरकार नको, मग रस्ता कोण बांधणार?" आणि पाठोपाठ ठेवणीतलं, "तुझे बाबा तर खडकीच्या दारुगोळा कारखान्यात होते." होते ना, ३४ वर्षं. क्वार्टर सरकारी, माझी शाळा अनुदानित, आईचं ऑपरेशनही सरकारी खर्चाने. हे मी कधी लपवलंय?

आणि सरकारच नको असं मी म्हटलेलं नाही. कोर्ट हवं, पोलीस हवेत, नळाला पाणी हवं. ते सोडून बाकीच्या ठिकाणी जरा हात आखडता घ्या एवढंच म्हणतो, तर लगेच मी नक्षलवादी. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ साली कलकत्त्यात बजेटवर बोलताना हेच सुनावलं होतं की तिजोरीत शिल्लक पडतेय याचा अर्थ लोकांकडून जास्त उकळलंय. त्यांचा आपण चौक केला. असो.

माझं बिनसलं कुठे ते एकदाच सांगतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा माझ्या छपाईच्या प्रेसमध्ये पेढे वाटणारा मीच. जकात गेली होती, मग तिच्या जागी आलेल्या एलबीटीची, म्हणजे महापालिकेच्या स्थानिक कराची कटकट झाली, आता एकच कर, कागद घेताना भरलेला लग्नपत्रिका विकताना वजा, किती सरळ! बायको म्हणाली होती, इतकं सरळ असतं तर सीए कशाला लागला असता. तिला मी अर्धा तास लेक्चर दिलं, आज ते आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

आमचा कागदवाला ११ वर्षांच्या ओळखीचा. बिल पक्कं, त्यावर जीएसटी, पैसे बँकेतून. त्याने तो टॅक्स पुढे भरलाच नाही आणि एक दिवस गाशा गुंडाळून गायब. तीन वर्षांनी नोटीस मला. जीएसटी कायद्याचं कलम १६ म्हणतं विकणाऱ्याने भरला नसेल तर घेणाऱ्याला वजावट नाही. ८४ हजार, त्यावर १८ टक्क्यांनी व्याज, वर १० हजार दंड.

फाईल घेऊन जीएसटी ऑफिसात गेलो. बिलं, माल वाहतुकीची ई-वे बिलं, टेंपोच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, एका बिलावर तर माल उतरवताना सांडलेल्या चहाचा डाग. साहेब चांगले होते हो, तेच जास्त लागलं. खुर्ची दिली, एकेक कागद उलटून बघितला, म्हणाले तुमचं सगळं बरोबर आहे. मग? "तो सापडत नाही, तुम्ही सापडता." टोमणा नव्हता, खरंच समजावून सांगत होते.

खाली पार्किंगमध्ये गाडीवर नुसता बसून राहिलो. सीएला फोन केला तर अपिलात जायचं तरी आधी १० टक्के भरा, वकिलाची फी वेगळी, तारखा वेगळ्या. भरून टाकले. एकच रक्कम मी दोनदा भरली, एकदा त्याच्या हातात, एकदा सरकारच्या. त्या वर्षी प्रेसमधल्या पोरांना दिवाळीचा बोनस निम्मा दिला, हे मी पंगतीत सांगत नाही.

तुम्ही म्हणाल कायदा वाईट म्हणून टॅक्सच वाईट कसा? बरोबर आहे, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो, आणि रागाच्या दिवशी एक उत्तर येतं, रिटर्न वेळेत भरला त्या दिवशी दुसरं. माझा पैसा आधी माझा, घेणाऱ्याने कारण द्यावं, इथून मात्र मी हलत नाही. बाबांना हे ऐकवलं तर म्हणाले, "माझा पगार अशाच कुणाच्या तरी ८४ हजारांतून यायचा की." त्यावर मी गप्प.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन्शनमधून १० हजार काढून आणले, दंडाचे. "सरकारचे सरकारला," म्हणाले.

मी घेतले.