सॅकचा पट्टा, नोंद चौथी: मोटर आणि अंगठा

मागच्या नोंदीत दोन्ही सेन्सर ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता सर्किट जोडून बघायच्या पाटीवर, शहाण्यासारखे आकडे देत होते. पट्ट्यात शिवल्यावर त्यांचा शहाणपणा संपला.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडणी सांगतो. सॅकच्या दोन्ही पट्ट्यांच्या आत, खांद्यावर टेकतात तिथे, एकेक एफएसआर ४०२, म्हणजे दाब वाढला की रोध कमी होणारा पातळ चकतीसारखा सेन्सर. डाव्या पट्ट्यात छातीच्या उंचीवर एमपीयू-६०५०, म्हणजे त्वरण आणि हालचाल मोजणारी चिप, माणूस पुढे किती वाकलाय ते बघायला. हे सगळं चालवणारा छोटा वायफाय मायक्रोकंट्रोलर ईएसपी३२ आणि बॅटरी पाठीकडच्या कप्प्यात. ओझं एकाच खांद्यावर गेलं किंवा चालणारा फार वेळ वाकून राहिला की नाण्याएवढी व्हायब्रेशन मोटर हलकेच थरथरते. बझर नको, हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. चारचौघांत बोंब मारणारं दप्तर कोण पाठीला लावेल?

एकूण वजन मात्र मी मोजत नाही. मुलाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्क्यांच्या आत दप्तर असावं असं साधारण सांगतात. ४० किलोच्या मुलाला ४ ते ६ किलो. ते बघायला घरातला वजनकाटा पुरतो, त्याला सोल्डरिंग कशाला? मला हवंय ते चालताना काय होतं ते.

एफएसआरनं आधी दमवलं. रिकामी सॅक अडकवली तरी डावीकडे भरपूर दाब दिसायचा. खांद्यावर पट्टा वळतो, त्याबरोबर सेन्सर वाकतो आणि वाकणं हाच त्याला दाब वाटतो. पाठीमागे कडक प्लास्टिकची पट्टी आणि पुढे मधोमध रबराची छोटी टिकली लावल्यावर तो ताळ्यावर आला. पाण्याच्या बाटल्या टांगून दोन्ही सेन्सर वेगवेगळे कॅलिब्रेट केले, कारण एकाच वजनाला दोघांचे आकडे जुळत नाहीत. तरीही वजन तसंच ठेवलं तर दहा मिनिटांत आकडा हळूहळू वर सरकतो. म्हणून यातून किलो काढायचा नाद सोडला. डावं-उजवं यांचं गुणोत्तर तेवढं घेतो. एक संध्याकाळ ईएसपी३२ च्या पिन २५ आणि २६ नी खाल्ली. वायफाय चालू केलं की वाचन बंद. त्या पिना एडीसी-२ वर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या दुसऱ्या भागावर) आहेत आणि वायफाय चालू असताना एडीसी-२ वापरता येत नाही, हे माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं. मी वाचलं नव्हतं. आता ३४ आणि ३५.

खरी गंमत मोटरची. वायर वाचवायची म्हणून मी ती एमपीयूच्या शेजारीच शिवली होती. एकदा थरथरली की थांबेचना. ताठ उभा राहिलो तरी थरथर, थोडी विश्रांती, पुन्हा थरथर. लॅपटॉपवर आलेख लावला तेव्हा कळलं: मी सरळ उभा असताना कोन ४ अंशांवर असायचा, मोटर सुरू झाली की थेट १७ वर. म्हणजे मोटर सेन्सरला हलवते, सेन्सर म्हणतो हा वाकलाय, कोड म्हणतो मग लाव मोटर.

सरासरी काढून भागेल असं वाटलं होतं, भागलं नाही. सेन्सर ±२ जी वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण) ठेवलेला, आणि मोटरचे हादरे त्या मर्यादेला आपटत होते. लाटेचा माथा एका बाजूला जास्त कापला गेला की सरासरीच सरकते, मग फिल्टर कितीही गुळगुळीत करा. शेवटी रेंज ±८ जी केली, चिपमधला लो-पास फिल्टर (वेगवान थरथर गाळणारा) ४४ वरून ५ हर्ट्झवर आणला, मोटर उजव्या पट्ट्यात फोममध्ये गुंडाळली आणि ती चालू असताना व नंतर ४०० मिलिसेकंद वाचन फेकून द्यायचं ठरवलं. खरं काम या शेवटच्या ओळीनं केलं. रेंज बदलल्यावर कच्चा आकडा जी मध्ये आणायचा भाजक १६३८४ वरून ४०९६ करायला विसरलो होतो, पण कोनाला फक्त अक्षांचं गुणोत्तर लागतं, त्यामुळे फावलं.

मग पुतण्यानं सॅक लावून एक फेरी मारली. परत आल्यावर नोंद बघतो तर मध्येमध्ये दोन्ही खांद्यांचा दाब एकदम पडलेला. कोडनं ‘सॅक उतरवली’ असं समजून झोप काढलेली. कनेक्टर सैल असेल म्हणून मी सगळं उसवलं, मल्टिमीटर लावला, काही सापडेना. दुसऱ्या फेरीला त्याच्या मागोमाग चाललो. पठ्ठ्या दोन्ही अंगठे पट्ट्यांखाली घालून पट्टे पुढे ओढत चालला होता.

‘‘अरे, असं का धरतोस?’’

‘‘रुततं ना, काका.’’

म्हणजे मी ज्याला बिघाड समजत होतो तीच सगळ्यात कामाची खूण निघाली. दुखलं की माणूस स्वतःच्या नकळत ओझं खांद्यावरून हातावर घेतो. आता कोडमध्ये एक नवी स्थिती आहे, तिचं नावच ‘अंगठा’: दोन्ही दाब पडलेले, पण एमपीयूमध्ये पावलांचे ठेके चालूच. यावर मोटर वाजवत नाही, आधीच दुखतंय त्याला आणखी काय टोचायचं? नुसतं मोजतो. त्याच रस्त्यावर नव्या कोडच्या पहिल्या फेरीत ११ वेळा अंगठे गेले. जाड पुस्तकं पाठीला चिकटून ठेवली, पट्टे आखडून सॅक वर घेतली, तेव्हा ४. दोन फेऱ्यांवरून काही सिद्ध होत नाही, पण वाकण्याचा कोनही उतरला. ओझं मागे लोंबत नसलं की तोल साधायला पुढे झुकावं लागत नाही, त्यामुळे आकडा पटण्यासारखा आहे.

नव्या कोडची तिसरी फेरी झालेली नाही. उजव्या पट्ट्याची वायर मी आतल्या कडेनं शिवली होती, नेमकी अंगठा जातो तिथे. ती तुटली. आता बाहेरच्या शिवणीतून नेतोय, या वेळी सिलिकॉनची मऊ वायर आणि वळणावर थोडा ढिलावा ठेवून.