तोंडातल्या केसांचं लेझर

शनिवार हा आमच्या क्लिनिकमधला लेझरचा दिवस. लग्नसराईच्या आधी तर विचारूच नका: हनुवटी, अंडरआर्म्स, हात-पाय, आणि प्रत्येकीचा एकच प्रश्न, "हळदीच्या आधी होईल ना?" या गर्दीत साठीकडे झुकलेले एक मामा कॅन्सर सर्जनची चिठ्ठी घेऊन आले. सोबत मावशी. रिसेप्शनवरच्या मुलीने साहजिकच फॉर्म मावशींपुढे सरकवला. मावशी म्हणाल्या, "मला नगं बाई. ह्यांच्या तोंडात केस यायलेत."

मामांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. टॉर्च मारला. डाव्या गालाच्या आतून जिथे गुलाबी, ओलसर अस्तर असतं, तिथे छातीची कातडी होती. तिच्यावर छातीवर असतात तसेच काळे, राठ केस, लाळेने एकमेकांना चिकटलेले. मुळाशी शेंगाचटणीचे कण अडकलेले. वास येत होता, आणि तो येतोय हे मामांनाही माहीत होतं. बोलताना ते तोंडापुढे रुमाल धरत होते.

आयुष्यभर तंबाखू-चुन्याची गोळी त्या गालात धरली, तिथेच कॅन्सर झाला. सर्जनने गाल आतून कापून काढला आणि छातीवरचा स्नायू वरच्या कातडीसकट वळवून ती जागा भरली. 1979 साली स्टीफन अरियान या अमेरिकी सर्जनने मांडलेली ही पद्धत आपल्याकडे अजूनही भरपूर वापरली जाते, कारण ती भरवशाची आहे आणि तिला मायक्रोसर्जरीचा डामडौल लागत नाही. फक्त कातडीबरोबर केसांची मुळंही येतात, आणि मूळ जिथून आलं तिथल्याच स्वभावाने वागतं. डोक्यामागचे केस टकलावर लावले तर टिकतात ते यामुळेच. मामांना ऑपरेशननंतर रेडिएशन लागलं नव्हतं, हे त्यांचं नशीब. लागलं असतं तर हे केस बहुधा आपोआप झडले असते.

मावशी दर काही दिवसांनी बारीक कात्रीने केस कापायच्या. "नातवाचं जावळ काढताना हात थरथरला नाही, इथं थरथरतो," म्हणाल्या. मधे चिमट्याने उपटूनही पाहिले होते. ते मी तिथल्या तिथे बंद करायला सांगितलं. नवऱ्या मुलींनाही मी हेच सांगते: वॅक्सिंग नको, थ्रेडिंग नको, हवं तर रेझर फिरवा. केस मुळासकट उपटला तर लेझरला धरायला काही उरतच नाही.

लेझरला ना सौंदर्य कळतं ना केस. त्याला कळतो फक्त काळा रंग. केसातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषतं, तापतं आणि ती उष्णता शेजारच्या पेशींना जाळते. त्यांत नवा केस तयार करणाऱ्या मूळपेशीही असतात. उन्हात उभी केलेली काळी गाडी हात लावू देत नाही, पांढरी देते, तसंच. ठरावीक रंगाचा प्रकाश ठरावीक वेळ दिला तर फक्त हवी तीच गोष्ट जाळता येते, हे अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी 1983 साली मांडलं. आमचा सगळा धंदा त्याच्यावर उभा आहे. अडचण एवढीच, की आपल्या कातडीतही मेलॅनिन आहे, आणि भरपूर आहे. म्हणून सावळ्या रंगाला मी 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचं लाँग पल्स एनडी-यॅग जातीचं लेझर वापरते. ते मेलॅनिनच्या नादी कमी लागतं आणि खोल जातं. छातीच्या केसांची मुळं खोल असतात, त्यामुळे इथे ते दुहेरी सोयीचं होतं. शिवाय आमच्या दुसऱ्या, डायोड लेझरचा जाडजूड हँडपीस दोन बोटांच्या फटीतून आत गेलाच नसता.

खरी काळजी वेगळीच होती. त्या कातडीची संवेदना नेणारी नस कापली गेलेली, त्यामुळे तिथे काही जाणवत नाही. एरवी पेशंट "आई गं" म्हणतो त्यावरून मी ऊर्जा कमी-जास्त करते. मामा काहीच म्हणणार नव्हते. सर्जनकडून आजार परतलेला नाही असं लेखी घेतलं. कमी ऊर्जेवर एका कोपऱ्यात दोन-तीन शॉट दिले आणि थांबून मुळांभोवती बारीक सूज दिसते का, कातडी पांढरी तर पडत नाही ना, हे पाहिलं. दातांवर आणि जिभेवर ओलं गॉझ, ओठ ओल्या लाकडी पट्टीने बाजूला. स्टीलचा आरसा मुद्दाम लांब ठेवला, त्यावरून किरण उलटा फिरू शकतो. सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. सिस्टर एका हाताने लाळ ओढत होती, दुसऱ्या हातात बर्फाच्या पाण्यातलं गॉझ. शॉट, गॉझ, सक्शन, परत शॉट.

जळक्या केसांचा वास आम्हाला रोजचाच. मामांना मात्र तो आतून आला. गॉगलखालून म्हणाले, "माझीच शेकोटी पेटली की."

बिल करताना रिसेप्शनवर पुन्हा गोंधळ. सॉफ्टवेअरच्या यादीत फुल फेस होतं, अप्पर लिप होतं, गालाच्या आतलं काही नव्हतं. शेवटी मुलीने अप्पर लिप निवडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ते सगळ्यात स्वस्त होतं.

एका बैठकीत हे काम होत नाही. त्या त्या वेळी जे केस वाढीच्या अवस्थेत असतात तेच सापडतात, बाकीचे झोपलेले असतात. म्हणून महिना-दीड महिन्याच्या अंतराने मामा येत राहिले. आधी केस विरळ झाले, मग बारीक. रुमाल खिशात गेला. कडक भाकरी त्यांना आताही चावत नाही, जबडा तेवढा उघडतच नाही. पण दुधात कुस्करून खाल्ली तर तोंडात काही अडकून राहत नाही, असं मावशींनी सांगितलं.

पांढरे केस राहिले. ते राहणार हे मी आधीच सांगितलं होतं. सुई घालून एकेक मूळ जाळण्याचा इलेक्ट्रोलिसिसचा मार्ग आहे, पण एवढ्याशा फटीतून ते करणं म्हणजे छळच, आणि मामांनीही हात जोडले. असतील दहा-पंधरा; ते मावशी अधूनमधून कापतात. त्यांना मी एकच बजावलंय: त्या कातडीच्या कडेला जखम, गाठ किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला तर शनिवारची वाट बघत माझ्याकडे यायचं नाही, थेट सर्जनकडे जायचं.