वेळासच्या वाळूत उपडी ठेवलेली टोपली

बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. सावित्रीची खाडी ओलांडली की वेसवी, मग बाणकोट, आणि तिथून समुद्राला धरून जाणारा अरुंद रस्ता थेट वेळासला. मंडणगड तालुक्यातलं हे छोटं गाव नाना फडणविसांचं मूळ गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकात भेटतं. आम्ही मात्र कासवांसाठी आलो होतो. सोबत सातवीतला भाचा ओम. त्याने बोटीतच विचारलं, "आत्या, पण कासवांचा आपल्याला उपयोग काय?"

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही.

संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर पोचलो. जाळीचं कुंपण घातलेल्या हॅचरीत, म्हणजे अंडी राखून ठेवायच्या जागेत, ओळीने घरटी, प्रत्येकावर एक वेताची टोपली उपडी. अंडी घातल्याची तारीख आणि संख्या लिहिलेली पाटी शेजारी. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री वर येते, वल्ह्यांसारख्या मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू ओढून बुजवते आणि परत जाते. पिल्लांचं तोंडही ती बघत नाही. कोल्हे, कुत्री, रानडुकरं वासावर येतात, म्हणून कासवमित्र, म्हणजे कासवं राखणारे गावकरी, पहाटे माग काढत जातात, अंडी अलगद उचलतात आणि हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. पुढचे पन्नासेक दिवस ती वाळूच्या उबेवर. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर. मला हे फार विलक्षण वाटतं, आणि उन्हाळे असेच वाढत गेले तर काय होईल या विचाराने धास्तीही वाटते.

सहा वाजता टोपल्या उचलल्या. एकीखालीही पिल्लू नव्हतं. जमलेल्या शंभरेक माणसांत कुरकुर सुरू झाली. "एवढ्या लांबून आलो, एक तरी दाखवा की," असं एक गृहस्थ कासवमित्राला म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, "त्यांची वेळ झाली की येतील, साहेब." मला त्या गृहस्थांचा राग आला. जंगली जीव आपल्या सुट्टीच्या हिशेबाने चालत नाही, आणि तसा तो चालत नाही यातच त्याचं मोल आहे.

रात्री आम्ही उतरलो होतो त्या घरी कुळथाचं पिठलं, भात आणि सोलकढी. वाढता वाढता घरच्या काकू जुनं सांगू लागल्या. "आमचे सासरे सांगायचे, पहाटे माणसं माग काढत जायची ती अंडी काढायलाच. घमेल्यातून नेऊन विकायची. कोणाला वाईट नाही वाटायचं, समुद्राने दिलेलंच म्हणायचे." 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे काम सुरू केलं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी गावाशी बोलत राहिले. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला, घराघरांत पाहुणे उतरू लागले, चार पैसे आले. माग काढण्याची नजर गावाकडे होतीच. तीच आता राखणीच्या कामी आली. काकूंनी ओमकडे बघून विचारलं, "उपयोग म्हणतोस? आमचं घर चालतं की त्यांच्यावर."

हे खरंच आहे, आणि गावाला पैसे मिळायलाच हवेत. जाळ्यात अडकलेलं कासव सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला 2018 पासून सरकारकडून 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, तेही रास्तच. कोणाच्या पोटावर पाय देऊन संवर्धन होत नसतं. पण अंथरुणावर पडल्यावर वाटलं, उद्या पाहुणे यायचे थांबले तर कासव बिनकामाचं ठरेल का? 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून आली असणार. तिच्या हिशेबात आपण कुठेच नाही. आपल्या हिशेबात मात्र ती असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सकाळी सात वाजता तिसरी टोपली उचलली आणि वाळू हलली. आधी एक राखाडी नाक, मग एक वल्हं. तीन पिल्लं, प्रत्येक काड्यापेटीएवढं. दोरीच्या आत, पाण्यापासून काही पावलांवर त्यांना सोडलं. थेट पाण्यात सोडत नाहीत, ती वाळू त्यांनी स्वतः तुडवायची. ओम पालथा पडून बघत होता. चिमटीतून रांगोळी ओढावी तशा दोन बारीक रेघा मागे उमटत होत्या. पहिली लाट आली, दोघांना घेऊन गेली. तिसरं उलटं पडून पुन्हा वर फेकलं गेलं. कोणी तरी हात पुढे केला, तर ओमच ओरडला, "नका, त्याला जाऊ दे!" पिल्लाने मान वाळूत रोवली, एका झटक्यात सुलटं झालं आणि पुन्हा चालू लागलं. चौथ्या लाटेने त्याला नेलं. त्यानंतर बराच वेळ आम्ही नुसतं पाणीच बघत होतो.

कासवमित्राने वहीत घरट्याचा क्रमांक, वेळ आणि तीन हा आकडा लिहिला.

"बाकीची?" ओमने विचारलं.

"संध्याकाळी येतील, नाहीतर उद्या."

आमची बोट अकराची होती. त्याने वाळू हाताने सारखी केली आणि टोपली पुन्हा उपडी ठेवली.