खवा, साय, पनीर फ्रीझरमध्ये... आणि दही का नाही

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात खव्याचा भाव कुठे जातो हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे, तरी सगळे त्याच आठवड्यात डेअरीसमोर रांग लावतो. वर त्याच दिवसांत भेसळीच्या खव्यावर एफडीएच्या धाडी पडल्याच्या बातम्या येतात, म्हणजे पैसेही जास्त द्यायचे आणि घासागणिक धाकधूकही. आमच्याकडे म्हणून खवा आषाढातच येतो. नेहमीच्या ओळखीच्या डेअरीतून, सणाची गर्दी नसताना, ताजा. घरी आणला की त्याच दिवशी पाव-पाव किलोच्या चपट्या वड्या थापायच्या, बटर पेपरमध्ये गुंडाळायच्या, झिपलॉकमध्ये घालून हवा दाबून काढायची आणि वर तारीख लिहून फ्रीझरमध्ये. हवं त्याच्या आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवायचा, सकाळी किसणीवर किसायचा आणि मंद आचेवर तूप सुटेस्तोवर परतायचा. पेढे करा, तळणीच्या मोदकांचं सारण करा, गुलाबजाम करा, खाणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

खवा इतका छान का टिकतो, तर त्यात पाणी फार उरलेलंच नसतं. एक लिटर म्हशीचं दूध आटवलं की २०० ग्रॅमच्या आसपास खवा मिळतो, बाकी सगळं पाणी उडून गेलेलं. माझ्या मते दुधाच्या कुठल्याही पदार्थाबद्दल हा एकच प्रश्न विचारायचा, ह्यात पाणी किती? कारण फ्रीझरमध्ये जे काही बिघडतं ते पाण्यामुळे, पाण्याचा बर्फ होताना ते फुगतं, त्याचे स्फटिक होतात आणि ते पदार्थाची घडी आतून मोडतात. मग वितळल्यावर पाणी एकीकडे, चोथा एकीकडे. बटरमध्ये पाणी १६ टक्क्यांच्या आत, पनीरमध्ये निम्म्याच्या थोडं पुढे, दह्यात आणि दुधात ऐंशीच्या वर. बस, ह्याच क्रमाने फ्रीझरमध्ये जागा द्यायची.

आता साय. ह्यात सगळ्यात जास्त पैसे वाचतात असं मी ठामपणे म्हणेन, कारण चांगल्या तुपाचा लिटरचा भाव सहाशेच्या पुढे आहे आणि साय तर रोज घरात येतेच. पण छोट्या कुटुंबात रोजच्या लिटरभर दुधाची साय भांडंभर साठायला पंधरा-वीस दिवस लागतात आणि तोवर खालच्या फ्रीजमधलं भांडं कडवट वास मारायला लागतं. म्हणून स्टीलचा झाकणाचा डबा थेट फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि रोजची साय थरावर थर घालत जायची, विरजण अजिबात न लावता. माझ्या सासूबाई पूर्वी पहिल्याच दिवशी विरजण लावून ठेवायच्या, तेव्हा घरात माणसं खूप होती आणि आठवड्यात भांडं भरायचं म्हणून ते चालायचं. डबा भरला की बाहेर काढून पूर्ण सुटू द्यायची, जरा कोमट करायची, मग चमचाभर ताजं विरजण लावून रात्रभर ओट्यावर. सकाळी मिक्सरला किंवा रवीने घुसळताना थंडगार पाणी घाला, बर्फाचे खडे असतील तर अजून छान, लोणी भराभर वर येतं आणि गोळा धरतो. तीन-चार पाण्यांतून धुवून लगेच कढवा. आणि लगेच वेळ नसेल तर धुतलेल्या लोण्याचा गोळाच फ्रीझरमध्ये टाका, सवडीने कढवा, पण झाकण घट्ट हवं कारण लोणी शेजारच्या बोंबलाचा नाहीतर लसणाचा वास पटकन धरतं.

बटर आणि चीजचं सोपं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बटर, तूप, चीजवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय आणि पाकीटबंद पनीरवरचा गेलाच, त्यामुळे मोठं पाकीट घेणं अजून परवडतं. बटर आहे त्या वेष्टनात महिनोन् महिने राहतं. चीज किसून ठेवा, ठोकळा ठेवलात तर वितळल्यावर भुगा होतो, पिझ्झा-सँडविचवर घालायला मात्र काही फरक नाही.

पनीर किलोने घेतलं की दरात बराच फरक पडतो पण घरी एका वेळी पाव किलोच लागतं. तुकडे करा, ताटात एकमेकांना न चिकटता पसरून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झाले की मग पिशवीत भरा, म्हणजे हवे तेवढेच काढता येतात. काढल्यावर ते कोरडे, ठिसूळ लागतात, त्यांना मीठ घातलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. मटार पनीरला, भुर्जीला, पराठ्याला झकास. टिक्क्यासाठी ताजंच आणा, सळईवर हे तुटतं.

दुधाच्या पिशव्या लोक थेट फ्रीझरमध्ये टाकतात, चालतं, पण काठोकाठ भरलेली पिशवी फुगून शिवणीला गळू शकते, म्हणून खाली ताटली ठेवा. गोठलेलं दूध पिवळट दिसतं, घाबरू नका, वितळलं की रंग परत येतो. फुल क्रीमपेक्षा टोन्ड दूध बरं राहतं, मलईदार दुधात वितळल्यावर स्निग्धांश कणाकणाने वर तरंगतो. चहाला, खिरीला, रव्याच्या शिऱ्याला वापरून टाका. तापवताना पातेल्यात आधी थोडं पाणी घाला म्हणजे तळाला लागत नाही, आणि उकळी येऊ द्याच, कारण थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. लाईट जास्त वेळ गेली आणि सगळं सुटलं तर तेच परत गोठवत बसू नका, त्या दिवशीच संपवा.

दही नाही. ताजं क्रीमही नाही, ते फाटतं. उरलेलं दही कढीसाठी म्हणून ठेवायचं असेल तर ठेवा, पाण्याशी पुन्हा घुसळायचंच असतं. पण विरजणाचे दोन-चार खडे बर्फाच्या ट्रेमध्ये जरूर करून ठेवा, गावाला जाऊन आल्यावर शेजारी विरजण मागायला जावं लागत नाही, फक्त दही लागायला थोडा वेळ जास्त द्या. श्रीखंड मात्र दह्याचंच असून उत्तम टिकतं, चक्क्यातलं पाणी आधीच टांगून काढलेलं असतं आणि साखर बर्फाला कडक होऊ देत नाही.

आणि चीक, म्हणजे नुकत्याच व्यायलेल्या गाई-म्हशीचं पहिल्या दिवसांतलं दूध! गावाकडून कुणी बाटली भरून पाठवली की एका दिवसात एवढा खरवस कोण खाणार. दूध उकळून टिकवता येतं पण चीक तापवला की लगेच धरतो, म्हणून त्याला फ्रीझरशिवाय दुसरा उपायच नाही. कच्चाच, एकेका खरवसापुरता छोट्या डब्यांत, वर बोटभर जागा सोडून. सोडवायचा तोही फ्रीजमध्येच, गॅसजवळ नाही, मग गूळ, दूध, वेलची, जायफळ घालून नेहमीसारखा वाफवा. पहिल्या दिवसाचा चीक दाट म्हणून त्यात दूध जास्त जातं, तिसऱ्या दिवसाच्यात अगदी थोडं, तेव्हा डब्यावर तारखेबरोबर कितव्या दिवसाचा चीक आहे तेही लिहा.