अठ्ठावन्न टक्के

स्थानिक इतिहासाच्या आमच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मे महिन्यात एका सकाळी त्यावर एक स्क्रीनशॉट येऊन पडला. लिखाण आधीच्या मजकुराशी किती टक्के जुळतं ते तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल होता तो. वर लाल अक्षरांत ५८ टक्के, खाली एका विद्यार्थिनीचं आडनावासकट नाव. त्याखाली कुणी डोळे विस्फारलेला इमोजी टाकला होता, कुणी ‘एवढी कॉपी?’ असं लिहून मोकळं झालं होतं.

मी रत्नागिरीहून हा अभ्यासक्रम शिकवते. विद्यार्थी बहुतेक दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत विखुरलेले. कुणी होमस्टे चालवते, कुणी एसटीत वाहक आहे, कुणी नुकताच बारावी झालाय. स्क्रीनशॉटवर नाव होतं त्या राजापूर तालुक्यात अंगणवाडीत काम करतात, वय पन्नाशीच्या पुढे. त्यांना मी ताई म्हणते. घरात रेंज नाही म्हणून संध्याकाळी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जाऊन तास ऐकतात. अहवालाची फाइल त्यांच्या फोनवर उघडेना, तेव्हा त्यांनी ती वर्गातल्याच मुंबईच्या एका मुलाला पाठवली. त्याने ती उघडली आणि थेट ग्रुपवर टाकली.

आधी त्याला फोन लावला. “मजा म्हणून टाकलं मॅडम, मनात काही वाईट नव्हतं.” म्हटलं, मनातलं नंतर बोलू, आधी सगळ्यांच्या फोनवरून ते पूस. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवसांच्या आत तसं पुसता येतं. पण मधल्या वेळात ज्याने साठवून ठेवलं त्याच्याकडे ते राहतंच, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. “ताईंनी तुला कागद वाचून सांगायला दिला होता, लोकांना दाखवायला नाही. आता ग्रुपवर सॉरी लिहू नकोस, त्यांना फोन कर.” त्याने तासाभरात केला.

मग स्वाध्याय उघडून बसले.

विषय होता कातळशिल्पं. जांभ्याच्या सड्यांवर कोरलेली, कुणी कोरली हे सांगणारा एकही शिलालेख मागे न ठेवता राहिलेली ही चित्रं. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घातले, गुराख्यांना विचारलं, तेव्हा ती जगापुढे आली. २०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं. विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की यांपैकी एक निवडा, जमलं तर जाऊन बघा, आणि वाचलेलं काय नि बघितलेलं काय ते वेगवेगळं लिहा.

ताईंनी देवाचे गोठणे निवडलं होतं. भार्गवरामाच्या देवळामागच्या सड्यावरची ती मनुष्याकृती, जिच्याजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. वाचत गेले तसं लक्षात आलं की या लिखाणात लपवलेलं काहीच नाही. प्रत्येक वाक्य अवतरणचिन्हात. प्रत्येकाखाली वर्तमानपत्राचं नाव, तारीख, लेखकाचं नाव, पान क्रमांक. एका ठिकाणी तर ‘ही बातमी मला ग्रामपंचायतीच्या वाचनालयात मिळाली’ असंही लिहिलेलं. सॉफ्टवेअर वाक्यं जुळवतं, ती जुळली. अवतरणं आणि संदर्भ वगळून तपासायचा पर्याय त्यात असतो, पण तपासताना तो कुणी लावलाच नव्हता. मी अहवाल पुन्हा काढायला लावला तेव्हा तोच आकडा एकेरी झाला.

हे नीट सांगायला हवं, कारण या टक्क्यांची भीती आमच्याकडे फार पसरली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची नियमावली १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरते आणि त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांवर पायऱ्या पाडते. पण योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, सलग चौदा शब्दांपर्यंतची सर्वसामान्य वाक्यं मोजायची नाहीत, असं त्याच नियमावलीत म्हटलेलं आहे. शिवाय ती प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी आहे. स्वाध्याय, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका तिने व्याख्येतच बाजूला ठेवल्यात. तरी आकडा तेवढा उचलला जातो आणि अंगणवाडीतल्या बाईच्या नावापुढे लाल अक्षरांत लागतो.

ताईंना फोन केला तेव्हा त्या बोलायलाच तयार नव्हत्या. “माझं नाव काढून टाका मॅडम. पोरं बघतील, सून बघेल.” आकडा का आला आणि कसा उतरला ते समजावून सांगितलं. मग विचारलं, “ताई, तुम्ही स्वतः गेलात ना बघायला? त्यातलं एकही वाक्य का नाही?”

“गेले होते की. पुतण्याच्या मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन गेलो आम्ही. आडव्या माणसाच्या डोक्याकडून पायाकडे फोन नेला तर सुई अशी फिरायला लागली. पण ते मी कशी लिहू? मी कोण?”

मी त्यांना तेच लिहायला सांगितलं. कुठे उभ्या होतात, फोन कुठून कुठे नेलात, सुई कुठे वळली, बरोबर कोण होतं. सासूबाई त्या रेघांवर पाय देऊ देत नसत, हेही बोलता बोलता त्यांच्या तोंडून आलं. तेही सासूबाईंच्या नावाने लिहा म्हटलं, पण आधी त्यांना विचारून. माहिती देणाऱ्याचं नाव द्यायचं ते त्याची हरकत नसेल तरच, आणि फोन नंबर किंवा घराचा पत्ता कधीच द्यायचा नाही, हा आमच्या वर्गाचा नियम आहे. त्या वर्षी दोघांनी परिशिष्टात गावातल्या म्हाताऱ्यांचे मोबाइल नंबर हौसेने छापले होते, ते मी काढायला लावले.

दुपारी बाकीचे स्वाध्याय घेतले. त्यांत सात जणांचे ८-९ टक्क्यांचे होते, अहवालावर हिरवे. आणि सातही जणांनी कशेळीच्या कातळशिल्पातला हत्ती उक्षी स्टेशनजवळ नेऊन ठेवला होता.

उक्षीतही हत्ती आहे, पण तो वेगळा. एकटाच कोरलेला, गावकऱ्यांनी भोवती कठडा बांधून जपलेला. कशेळीचा प्रचंड, त्याच्या अंगात मासे, पाखरं, जनावरं कोरलेली, आणि तो राजापूर तालुक्यात. ही सरमिसळ एकाने केली असती तर समजण्यासारखं होतं, पण सात जण आपापलं वाचून एकाच जागी घसरत नाहीत. मूळ एक इंग्रजी मजकूर होता. तो कुणीतरी भाषांतराच्या अ‍ॅपमधून मराठीत काढला, त्याची पीडीएफ केली, आणि ती एका छोट्या ग्रुपमध्ये फिरली. सॉफ्टवेअर मराठी वाक्यं मराठी वाक्यांशी जुळवत राहिलं. हा मजकूर मराठीत आधी कुठेच नव्हता, त्यामुळे त्याला काही सापडलं नाही.

यंत्राने लिहिलंय की माणसाने, हे ओळखणारी सॉफ्टवेअरं लावून बघा, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. मी लावली नाहीत. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं, अचूकता कमी म्हणून. जे बनवणाऱ्यांना भरवशाचं वाटलं नाही, त्याच्या जोरावर मी एखाद्या पोराला चोर म्हणणार नाही. एकेकाला फोन करायचा आणि विचारायचं, हा मार्ग वेळखाऊ आहे, पण मला तोच पटतो.

सातांतला एक आडिवऱ्याच्या बाजूचा. कशेळी त्याच्या घरापासून जवळ, म्हणून सगळ्यात आधी त्याला फोन केला. मागे पेट्या ठोकल्याचा आवाज येत होता. आंब्याचा हंगाम, दिवसभर झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन काढणी, रात्री पेट्या भरून गाडीवर चढवायच्या. मी स्वाध्यायाचं नावच काढलं नाही. विचारलं, “कशेळीच्या हत्तीला कधी गेलायस?”

“लहानपणापासून जातोय मॅडम. गुरं तिकडंच असायची.”

“मग कसा दिसतो सांग.”

तो बोलायला लागला. भर दुपारी गेलात तर काहीच दिसत नाही, नुसता सडा. संध्याकाळी उन्हं तिरपी झाली की रेघांत सावली भरते आणि मग हत्ती उठून दिसतो. पाऊस पडून गेल्यावर रेघांत पाणी राहतं, तेव्हा आतले मासे सगळ्यात ठळक. सोंडेकडून बघायला सुरुवात केली तर कळत नाही, पाठीकडच्या अंगाला उभं राहायला लागतं. दहा मिनिटं तो बोलत होता आणि मी लिहून घेत होते. त्या पीडीएफमध्ये यातलं काहीही नव्हतं. कुठल्या छापील लेखातही मी हे इतकं बारीक वाचलेलं नाही.

मग विचारलं, “तुझा हत्ती उक्षी स्टेशनजवळ कसा पोचला?”

पेट्यांचा आवाज थांबला. “तुमच्याशी खोटं नाय बोलणार. पीडीएफ आलेली, वाचली पण नाय, नाव घालून पाठवली. एवढ्यात झोपायला चार तास मिळत नाहीत. आणि खरं सांगू, आपण गुरं चारताना बघितलेलं इतिहासात धरतात असं वाटलंच नाय.”

ताई आणि हा, एकीने सगळं दुसऱ्याचं नाव घेऊन लिहिलं, दुसऱ्याने दुसऱ्याचं सगळं आपल्या नावावर. आणि दोघांनीही स्वतः पाहिलेलं वगळलं. शाळेत बारा वर्षं उत्तर मार्गदर्शकातल्यासारखं आलं की पूर्ण गुण मिळत आले आहेत, तिथे पोरांनी दुसरं काय शिकावं? नक्कल करू नका असं बजावण्याआधी तुझं पाहिलेलं मोजलं जाईल, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्या संध्याकाळच्या तासाला मी नियम वाचून दाखवले नाहीत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचं एक पान स्क्रीनवर लावलं. काणे आपल्या चिपळूणजवळचे, दापोलीत शिकलेले, १९६३ मध्ये भारतरत्न झालेले. १९३० ते १९६२ या काळात पाच खंड लिहिले. पानाचा खालचा मोठा भाग बारीक टायपातल्या तळटीपांनी भरलेला. कुणाचं काय मत आहे, कुठल्या ग्रंथात आहे, ते खाली. आणि वर काण्यांचं स्वतःचं म्हणणं, ठाम. तळटीपा झाकल्या तर काय उरतं, वरचा मजकूर झाकला तर काय उरतं, असं विचारत गेले. वाहक असलेले एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे दुसऱ्याचं घ्यायचं तर पावती फाडूनच.” तेवढं वर्गाच्या लक्षात राहिलं.

‘फोटो सौजन्य: गुगल’ हा प्रकारही त्याच तासात निकालात काढला. गुगल फोटो काढत नाही, शोधून देतं. ज्याने उन्हात उभं राहून काढला त्याचं नाव शोधायचं, आणि वापरायला परवानगी आहे का ते बघायचं. सापडलं नाही तर स्वतः काढलेला लावायचा, नाहीतर लावायचाच नाही. एकाने नोंद न झालेल्या आकृतीचं नकाशावरचं नेमकं ठिकाण सार्वजनिक केलं होतं, ते मी बंद करायला लावलं. चिरेखाणी सडे पोखरत आहेत, हौशी लोक आकृत्यांवर खडू फिरवून फोटो काढतात. अशा जागेचा पत्ता आधी अभ्यासकांना आणि ग्रामपंचायतीला द्यायचा.

सातही जणांचे ते स्वाध्याय मी शून्य गुण देऊन परत केले आणि कारण ज्याचं त्याला लेखी कळवलं, ग्रुपवर नाही. पुन्हा लिहायची संधी सगळ्यांना दिली. पाच जणांनी घेतली. पीडीएफ बनवणारी मुलगी स्वतःहून बोलली, तिला मी मूळ इंग्रजी लेखाचा संदर्भ कसा द्यायचा ते दाखवलं. दोघांनी शेवटपर्यंत मानलं नाही, त्यांचं प्रकरण समितीकडे आहे.

आडिवऱ्याच्या मुलाचं लिखाण हंगाम आटोपल्यावर आलं. अडीच पानं, हाताने लिहून फोटो काढलेली. ‘मी पाहिलेलं’ या मथळ्याखाली दोन पानं आणि ‘मी वाचलेलं’ खाली अर्धं, रिसबूडांच्या नावासह. शुद्धलेखनाचे गुण कापले, बाकीचे सगळे दिले. ताईंनीही होकायंत्राचा परिच्छेद जोडून पाठवला, सासूबाईंच्या संमतीची ओळ धरून.

विभागाला मी तीन गोष्टी लेखी कळवल्या आहेत. अहवाल काढताना अवतरणं आणि संदर्भ वगळायचे. अहवाल ज्याचा त्यालाच द्यायचा, आणि कुणाला उघडता आला नाही तर आमच्यापैकी कुणी फोनवर वाचून दाखवायचा. आणि हा स्वाध्याय दिवाळीनंतर देऊन शिमग्याआधी घ्यायचा, कारण मे महिन्यात इथलं निम्मं घर बागेत असतं आणि जूननंतर सड्यावर गवत वाढून आकृत्याच दिसत नाहीत. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या. वेळापत्रक वरून ठरतं, विचारून सांगतो, असं उत्तर आलंय. मी दर पंधरवड्याला आठवण करते आहे.